चूक कबूल करण्याची किंमत

शिक्षकाने सुटीत काय पाहावे, याविषयी आपल्या समाजाचे काही संकेत ठरून गेलेले आहेत. एखादे देवस्थान पाहावे, कोकणात कुणी नातलग असल्यास समुद्र पाहावा, पुण्यास गेल्यास एखादे नाटक पाहावे आणि परतताना पुस्तकांची पिशवी घेऊन यावे. गोल्फची स्पर्धा पाहावी, असे कोणी सुचवणार नाही. मीही सुचवले नसते. परंतु एका दिवाळीच्या सुटीत हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठले, आणि येरवड्यास राहणाऱ्या मेहुण्याने दुसऱ्याच दिवशी सकाळी ‘दाजी, चला, एक गंमत दाखवतो’ म्हणून मला जवळच्या पूना क्लबच्या गोल्फ मैदानावर नेले. तेथे व्यावसायिक गोल्फपटूंची चार दिवसांची स्पर्धा चालू होती. गंमत तर मी पाहिलीच. पण परतताना एक अस्वस्थताही बरोबर घेऊन आलो. आज लिहावयाचे आहे ते तिच्याविषयी.

सोलापूरच्या माणसाला तेथे प्रथम दिसते ते हिरवेपण. चार-चार दिवसांआड नळाला येणारे पाणी पिंपांत आणि घागरींत भरण्यात ज्याची वर्षे गेली, त्याच्या मनात ती मऊ, दाट हिरवळ पाहून जो प्रश्न उभा राहतो, तो रास्तच आहे. तथापि तो स्वतंत्र लेखाचा विषय असल्याने येथे बाजूला ठेवतो. दुसरा धक्का माझ्या समजुतीला बसला. गोल्फ म्हणजे चार धनिकांचे मूक फिरणे, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात तेथे चांगलीच लगबग होती. या खेळाचा प्रेक्षक खुर्चीत बसत नाही, तो खेळाडूंच्या मागोमाग दोरीच्या बाहेरून चालतो. आसपासच्या वस्तीतील तरुण पोरे एका खेळाडूमागे निघाली होती. कोणत्या झाडाखाली चेंडू अडतो, कोणत्या उतारावर तो डावीकडे वळतो, हे सारे त्यांना पाठ होते. चेंडू उंच उडाला की मागून आरोळी उठे, आणि पुढचा खेळाडू फटक्याला उभा राहिला की तीच पोरे श्वास रोखून उभी राहत. कुस्तीच्या फडात हलगी थांबावी तशी ती शांतता असे. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फीनिक्सच्या स्पर्धेत सोळाव्या होलभोवती स्टेडियमच उभारतात आणि हजारो प्रेक्षक तेथे बिनदिक्कत गोंगाट करतात. त्या मानाने आपली मंडळी सोवळी म्हणावयाची.

हिशेब साधा आहे. चेंडूचा व्यास जेमतेम 43 मिलिमीटर, वजन 46 ग्रॅमच्या आत. तो ज्यात पाडावयाचा त्या भोकाचा व्यास 108 मिलिमीटर. अशी अठरा भोके, म्हणजे अठरा होल, मिळून एक फेरी. रोज एक याप्रमाणे चार दिवसांत बहात्तर होल, आणि ज्याचे फटके सर्वांत कमी तो विजेता. दुसऱ्या दिवसअखेर मागे पडलेल्या सुमारे निम्म्या खेळाडूंना घरी जावे लागते. याला ‘कट’ म्हणतात, आणि त्यातून बाहेर पडलेल्याला सहसा बक्षिसाच्या रकमेतील काहीच मिळत नाही. प्रवास, मुक्काम, कॅडीची मजुरी हे सारे त्याच्या खिशातून गेलेले असते. एका फटक्याचे मोल केवढे, हे आपण साऱ्यांनीच ऑगस्ट 2021 मध्ये पाहिले. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली. कांस्यपदक तिच्यापासून अवघ्या एका फटक्यावर होते. गोल्फचा गंधही नसलेल्या घरांत त्या सकाळी माणसे दूरदर्शन संचासमोर जागची हलली नव्हती.

आम्ही गेलो तो स्पर्धेचा दुसरा दिवस, म्हणजे ‘कट’चाच दिवस होता. एका खेळाडूचा चेंडू झाडाखाली वाळलेल्या पाल्यात जाऊन बसला. तो वाकला, दोन-तीन पाने हलक्या हाताने बाजूला करू लागला, आणि थबकला. मग उभे राहून त्याने हात वर केला, दूर उभ्या असलेल्या जोडीदाराला बोलावून घेतले, काही सांगितले, खाली वाकून चेंडू पुन्हा ठेवला आणि खेळला. मला काहीच उमगले नाही. मेहुण्याने खुलासा केला, ‘पाने काढताना चेंडू हलला, दाजी. एक फटका दंड.’ मी विचारले, ‘कोणी पाहिला?’ तो म्हणाला, ‘त्याने स्वतः.’

जोडीदार पन्नास पावलांवर होता. आम्ही प्रेक्षक झाडाच्या दुसऱ्या अंगाला होतो. नियमांचे जाणकार अधिकारी मैदानभर विखुरलेले असतात, पण प्रत्येक खेळाडूमागे पंच नसतो. क्रिकेटमध्ये बॅटची कड लागली हे फलंदाजाला ठाऊक असते, तरी तो बहुधा पंचाच्या बोटाकडे पाहत उभा राहतो आणि बोट वर गेले नाही तर खेळत राहतो. पॉली उम्रीगर यांच्या जन्मगावचे आपण लोक. त्यात आपल्याला वावगे असे काही वाटत नाही. येथे मात्र बोट वर करणारा आणि बाद होणारा एकच होता.

या खेळाची लेखनपद्धतीही पाहण्यासारखी आहे. खेळाडूचे गुणपत्रक त्याच्याबरोबर खेळणारा लिहितो. फेरी संपल्यावर खेळाडूने ते होलवार तपासावयाचे आणि सही करावयाची. एखाद्या होलचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त लिहिला गेला आणि त्याने तशीच सही केली, तर तो जास्तीचा आकडाच कायम. कमी लिहिला गेला, तर सामान्यतः तो स्पर्धेतूनच बाद. 1968 साली अमेरिकेतील ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विसेन्सोने सतरावा होल तीन फटक्यांत पुरा केला. जोडीदाराने अनवधानाने चार लिहिले, आणि दे विसेन्सोने तपासल्यावाचून सही केली. तीन फटके हजारोंनी पाहिले होते, तरी चारच धरले गेले. बरोबरीने निर्णायक फेरी खेळण्याची त्याची संधी गेली आणि एका फटक्याने बॉब गोल्बी विजेता ठरला. त्या दिवशी दे विसेन्सोचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. त्याने दोष जोडीदाराला दिला नाही. मूर्खपणा आपला, असेच तो म्हणाला.

2010 साली साउथ कॅरोलिनातील हिल्टन हेड येथे इंग्लंडचा ब्रायन डेव्हिस जिम फ्यूरिकशी बरोबरीत होता. निर्णायक होलवर फटक्यासाठी काठी मागे नेताना ती एका सुट्या गवताच्या काडीला लागली असावी, अशी त्याला शंका आली. त्याने स्वतःच अधिकाऱ्याला बोलावले. संथ गतीने चित्रण पाहिल्यावर शंका खरी ठरली. दोन फटके दंड झाला आणि सामना गेला. अमेरिकेच्या त्या मुख्य मालिकेत डेव्हिसने तोवर एकही स्पर्धा जिंकली नव्हती, आणि पुढेही तो योग त्याला आला नाही.

यावर एक आक्षेप सहज सुचतो. पोट भरलेल्यांना सचोटी परवडते, त्यात नवल ते काय? आक्षेप फेटाळून लावण्याजोगा नाही. हा खेळ आपल्याकडे साहेबाने आणला. कलकत्त्याचा क्लब 1829 मधला, मुंबईचा 1842 मधला, आणि दीर्घकाळ तेथे ‘नेटिवां’चे काम पिशव्या वाहण्याचे होते. परंतु त्या पिशव्या वाहणाऱ्यांतूनच पुढे खेळाडू निघाले. 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी होता. 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकणारा एस. एस. पी. चौरसिया हा कोलकात्याच्या क्लबात हिरवळीची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. या घरांत एका फटक्याचा अर्थ महिन्याचा किराणा असा होत असला पाहिजे. नियम मात्र त्यांनाही तोच होता. तेव्हा सचोटी ही केवळ सुखवस्तूंची चैन आहे, असे मला म्हणवत नाही.

आता अस्वस्थतेकडे येतो. पंचवीस वर्षांपूर्वी मी नववीच्या वार्षिक परीक्षेच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासल्या. एका मुलाने निबंधच लिहिला नव्हता, म्हणून तेथे शून्य पडले आणि त्याला 53 गुण मिळाले. निकालाच्या दिवशी तो भीत भीत म्हणाला, ‘सर, निबंध चांगला गेला होता.’ मी त्याला फाजील आत्मविश्वासाविषयी चार शब्द सुनावले. मे महिन्यात कापडी पिशवी झटकताना तिच्या तळाशी दोरा सुटलेली एक पुरवणी मिळाली. तिच्यावर त्याचा निबंध होता. मी तो वाचला. आठ गुणांना काही हरकत नव्हती. 53 चे 61 झाले असते.

मी काय केले? काहीच केले नाही. मुख्याध्यापकांना अर्ज, निकालपत्रकात खाडाखोड, कारणे दाखवा नोटीस, शिक्षकदालनातील कुजबुज, हे सारे डोळ्यांपुढे उभे राहिले. मुलगा उत्तीर्ण झालाच आहे, असे मी मनाला समजावले आणि पुरवणी कपाटात ठेवून दिली. ती मी फाडली नाही, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल. चेंडू हलला होता आणि तो हललेला फक्त मी पाहिला होता.

त्या खेळाडूत आणि माझ्यात फरक कशाचा होता, याचा विचार मी परतीच्या गाडीत केला. तो माझ्याहून सद्‌गुणी असेलही. पण मला दुसरेही एक कारण दिसते. त्याच्या खेळाने चूक कबूल करण्याची किंमत ठरवून टाकलेली आहे. एक फटका, बस्स. चेंडू जागेवर ठेवा आणि खेळा. नंतर कोणी त्याचा उच्चार करीत नाही. लपवण्याची किंमत मात्र जबर: स्पर्धेतून बाद आणि जन्मभराची नाचक्की. आमच्या शाळा-कचेऱ्यांत याच्या नेमके उलट आहे. वेतनबिलात चुकीचा आकडा पडला असे लिपिकाने आपण होऊन कळवले, तर ज्ञापन, खुलासा, चौकशी आणि गोपनीय अहवालात शेरा ठरलेला. गप्प राहिला, तर चूक उघडकीस येईतो त्याची बदलीही होऊन जाते. कबुली महाग आणि लपवालपवी स्वस्त अशी बाजारपेठ आपण मांडली आहे, आणि मग मूल्यशिक्षणाच्या तासाला सत्याचे माहात्म्य सांगतो.

परीक्षेतही तेच. भरारी पथके आणि कॉपीमुक्त अभियान यांची गरज मी नाकारीत नाही. मीही पर्यवेक्षक म्हणून वर्गांतून फिरलो आहे. परंतु पहाऱ्याने मूल एवढेच शिकते, की पकडला गेला तो चोर. पूर्वीचे गुरुजी शुद्धलेखनाच्या वह्या मुलांनाच अदलाबदल करून तपासावयास देत, आणि स्वतःची चूक स्वतः दाखवणाऱ्याला शिक्षा करीत नसत. ती रीत पुन्हा आणण्यास शासनाचा आदेश लागत नाही.

मोठ्यांच्या व्यवहारातही हे अशक्य नाही. अमेरिकेत 1976 पासून नासा ही संस्था विमानवाहतुकीतील चुकांच्या स्वेच्छा-अहवालांची व्यवस्था चालवते. वैमानिकाने अजाणता झालेला नियमभंग दहा दिवसांच्या आत आपण होऊन कळवला, तर काही अटींवर त्याची शिक्षा माफ होते. हेतुपुरस्सर केलेल्या कृत्याला किंवा गुन्ह्याला ही सवलत नाही. त्यांना वैमानिकाच्या मानभंगापेक्षा पुढचा अपघात टाळणे महत्त्वाचे वाटले. आमच्या कार्यालयांतही, पैसा गिळलेला नसेल आणि हेतू वाईट नसेल तर, ठरावीक मुदतीत आपण होऊन कळवलेली चूक ‘दुरुस्ती’ म्हणून नोंदवावी, ‘कसूर’ म्हणून नव्हे. एवढा एक नियम झाला, तर कितीतरी कपाटांतून कितीतरी पुरवण्या बाहेर येतील.

त्या झाडाखालच्या खेळाडूची संध्याकाळी मी मुद्दाम चौकशी केली. तो दोन फटक्यांनी ‘कट’मधून बाहेर गेला होता. म्हणजे तो एक फटका लपवला असता तरी त्याला उपयोग नव्हता. अर्थात पाने बाजूला करताना त्याला ते ठाऊक नव्हते.

माझा तो विद्यार्थी याच शहरात असतो. रस्त्यात भेटला की अजूनही वाकून नमस्कार करतो. सुटीवरून परतल्यावर पुरवणी घेऊन मी त्याच्या घरी गेलो आणि जे घडले ते सांगितले. त्याने ती पिवळी पडलेली पाने उभ्याउभ्याच वाचली. मी बोलणी ऐकण्याच्या तयारीने गेलो होतो. त्याने एवढेच विचारले, ‘सर, म्हणजे निबंध चांगला होता ना?’

होता, असे मी म्हणालो.