साठ दिवसांची बंदी

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातली कपाशी बऱ्याच शेतांत डोक्याच्याही वर गेली. फवारणी एरवी नोझल खाली धरून होते. त्या वर्षी ती वर धरावी लागली. बॅटरीच्या पंपाचे बारीक तुषार चेहऱ्यावर, डोळ्यांत, घामाने भिजलेल्या पाठीवर उतरत राहिले. जुलै ते नोव्हेंबरदरम्यान वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांना विषबाधा झाली आणि यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले.

फवारणीत वापरलेली मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधे ऑर्गनोफॉस्फेट गटातली. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नेणारे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज हे विकर त्याचा निकाल लावते. विष नेमके त्या विकराला जखडते, मग निरोप थांबतच नाही. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, लाळ गळते, दंडाचे स्नायू आपोआप फडफडतात, छाती स्रावाने भरते. वेळेत ॲट्रोपिन मिळाले तर माणूस वाचू शकतो. फवारणीतल्याच डायफेन्थियुरॉन या औषधाचे तसे नाही. ते पेशींची ऊर्जानिर्मितीच रोखते आणि त्यावर नेमका उतारा नाही. पंपात तर अनेकदा दोन-तीन औषधे एकत्र असतात.

कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा. केरळात १९५८ मध्ये पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसे मेली, त्यानंतरच्या चौकशीतून तो आला. नोंदणी केंद्राकडे, परवाने आणि तपासणी राज्याकडे. जीव जाऊ लागले तरी कलम २७ नुसार राज्याला बंदी घालता येते ती ६० दिवस. चौकशी अपुरी असेल तर आणखी ३०. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये यवतमाळसह पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर अशी बंदी घातली. तोवर फवारणीचा मोसम सरत आला होता. श्रीलंकेने मोनोक्रोटोफॉस १९९५ मध्येच बंद केले होते.

बंदीची ही मुदत वाढवायलाच हवी. नोंदणी देतानाचा हिशेबही बदलला पाहिजे. हातमोजे, मुखवटा, अंगभर पोशाख घालून ऑक्टोबरच्या उन्हात कपाशीत तासन् तास कोण उभा राहील? जे संरक्षण साहित्य उष्ण हवेत सोसवत नाही किंवा महाग पडते, त्याशिवाय वापरता न येणारी औषधे छोट्या शेतकऱ्यांच्या हाती देणे टाळावे, असे जागतिक अन्न व कृषी संघटनेची आचारसंहिताच सांगते.

मात्र एका कामासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. कलम २६ नुसार प्रत्येक विषबाधेची खबर देणे राज्य आजच बंधनकारक करू शकते. त्याच्या जोडीला हवी रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी. ही पातळी माणसागणिक वेगळी असते, म्हणून फवारणीआधीचा आकडा हाताशी लागतो. कॅलिफोर्नियात अशी विषे हाताळणाऱ्या मजुरांसाठी १९७४ पासून तशी सक्ती आहे. वणी, पुसद, दारव्ह्याच्या रुग्णालयांत हे रक्त जूनमध्ये, पहिला पंप पाठीवर चढण्याआधी घेतले गेले पाहिजे. पातळी घसरलेली दिसली की त्या मजुराला फवारणीवरून उतरवायचे आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडू द्यायची नाही.