क्रेडिट कार्डाचा व्याजमुक्त कालावधी

क्रेडिट कार्डाने खरेदी केल्याच्या दिवसापासून ते पैसे फेडण्याच्या अंतिम तारखेपर्यंतच्या ज्या मुदतीत व्याज आकारले जात नाही, तिला व्याजमुक्त कालावधी असे म्हणतात. भारतातील बँका तो ‘४५ दिवसांपर्यंत’ किंवा ‘५० दिवसांपर्यंत’ अशा शब्दांत जाहीर करतात. यातील ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण हा कालावधी प्रत्येक खरेदीसाठी वेगळा असतो आणि मागील बिल पूर्ण फेडले असेल तरच मिळतो.

कालावधीची गणना

प्रत्येक कार्डाचे सुमारे एक महिन्याचे बिलचक्र असते. चक्राच्या अखेरच्या दिवशी त्या काळातील व्यवहारांचे बिल तयार होते. या दिवसाला बिलाची तारीख म्हणतात. त्यानंतर ठरावीक दिवसांनी देय तारीख येते.

उदाहरणार्थ, बिलाची तारीख दर महिन्याची १० आणि देय तारीख ३० आहे असे मानू. ११ मार्चला केलेली खरेदी १० एप्रिलच्या बिलात येते व तिचे पैसे ३० एप्रिलपर्यंत द्यावे लागतात. म्हणजे ५० दिवस मिळतात. २० मार्चच्या खरेदीस ४१ दिवस, तर १० एप्रिलच्या खरेदीस केवळ २० दिवस मिळतात. हीच खरेदी ११ एप्रिलला केल्यास ती पुढील चक्रात जाते आणि तिची देय तारीख ३० मे होते.

सवलत रद्द होणे

बिलावर ‘एकूण देय रक्कम’ आणि ‘किमान देय रक्कम’ असे दोन आकडे असतात. किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते. व्याज टळत नाही. एकूण रक्कम मुदतीत न भरल्यास सर्वसाधारणपणे व्याज देय तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते.

वरील उदाहरणात ११ मार्चची खरेदी ३०,००० रुपयांची असून ३० एप्रिलला केवळ १,५०० रुपये भरले, तर वार्षिक ४२ टक्के दराने त्या ५० दिवसांचेच व्याज सुमारे १,७२६ रुपये होते. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरल्यास आकारणी सुमारे २,०३७ रुपयांवर जाते. म्हणजेच ती भरलेल्या रकमेपेक्षाही अधिक ठरते. शिवाय थकबाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

कार्डाने एटीएममधून रोख रक्कम काढल्यास मुळातच व्याजमुक्त कालावधी मिळत नाही.

नियमन

भारतीय रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, व्याज सुरू होण्यापूर्वी पैसे भरण्यासाठी ग्राहकाला किमान पंधरवडा मिळाला पाहिजे. खाते तीन दिवसांहून अधिक काळ थकीत राहिल्यावरच विलंब शुल्क आकारता येते. मात्र ही सवलत व्याजाला लागू नाही. ग्राहकाला बिलचक्र किमान एकदा बदलून घेण्याचा पर्यायही देण्यात आला. पगाराच्या तारखेनंतर देय तारीख येईल अशी सोय त्यामुळे करता येते.

राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांपेक्षा अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला.