मागच्या बाकावरून काय दिसते?

शाळेतले विज्ञान प्रदर्शन असो, कॉलेजचा सेमिनार असो की मोहल्ल्यातला करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम, आता पीपीटीशिवाय कोणाचे भागत नाही. मुले रात्री जागून स्लाइड बनवतात. मजकूर चांगला असतो, चित्रेही छान असतात. पण पडद्यावर स्लाइड लागली की मागच्या रांगेतले लोक डोळे बारीक करू लागतात आणि दोन मिनिटांत आपसांत बोलू लागतात. वर्गात असे झाले की आपण म्हणतो, मुलांचे लक्ष नाही. खरे तर पुष्कळदा मुलांना अक्षरच दिसत नसते. ते मूल वहीत काही उतरवत नाही, विचारायला लाजते, आणि हळूहळू त्या विषयातच मागे पडते.

याचे मोठे कारण म्हणजे रंगांची चुकीची निवड. ती सुधारायला पैसा लागत नाही, थोडी समज लागते.

प्रोजेक्टर काळा रंग टाकत नाही

लॅपटॉपवर सुंदर दिसलेली स्लाइड पडद्यावर फिकी का पडते? प्रोजेक्टर फक्त उजेड टाकतो. जिथे काळे दाखवायचे, तिथे तो उजेड टाकत नाही, एवढेच. म्हणजे पडद्यावरचा ‘काळा’ हा खोलीत जितका उजेड असेल तितकाच काळा राहतो.

साधा हिशेब करू. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या भागावर १०० भाग उजेड आहे आणि काळ्या भागावर जवळपास शून्य. आता खिडकी उघडली आणि पूर्ण पडद्यावर २० भाग उजेड आला. पांढरा झाला १२०, काळा झाला २०. फरक उरला फक्त सहापट. दिव्याचे वय झाले असेल तर तोही कमी.

म्हणून आपल्या वर्गांसारख्या उजेडाच्या खोलीत पांढरी किंवा फिकट पार्श्वभूमी आणि त्यावर काळी किंवा गडद निळी अक्षरे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. हॉल पूर्ण अंधारा करता येत असेल तर गडद निळ्यावर पांढरी किंवा पिवळी अक्षरेही उठून दिसतात. कार्यक्रमाच्या वेळी सगळे दिवे घालवण्याची गरज नाही. पडद्याजवळची ट्यूबलाइट बंद केली आणि त्या बाजूचा पडदा ओढला तरी मोठा फरक पडतो.

रंग वेगळा, पण उजळपणा सारखा

दोन रंग वेगळे असले म्हणजे वाचता येतात असे नाही. एक रंग उजळ आणि दुसरा गडद असावा लागतो. वेबसाइटसाठी जागतिक पातळीवर ठरलेले एक माप आहे. त्यात काळ्या-पांढऱ्यातला फरक २१ धरला आहे. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी हा फरक किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ असावा असे सांगितले आहे.

या मापावर आपल्या आवडीच्या जोड्या तपासू. पांढऱ्यावर पिवळी अक्षरे: जेमतेम १.१. पांढऱ्यावर पोपटासारखा भडक हिरवा: १.४. भडक निळ्यावर लाल: २.१, शिवाय या जोडीत अक्षरांच्या कडा थरथरल्यासारख्या वाटतात. आणि आपल्याकडच्या कार्यक्रमांत हमखास दिसणारी जोडी, गडद हिरव्यावर लाल अक्षरे: फक्त १.३! हिरवा रंग सोडायची गरज नाही. त्याच हिरव्यावर पांढरी अक्षरे घेतली की माप ५ च्या वर जाते.

उर्दूच्या नुक्त्याचा प्रश्न

उर्दू स्लाइडमध्ये ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. बे, पे, ते, से या अक्षरांचा आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. ‘दुआ’ आणि ‘दगा’ यांत एका नुक्त्याचे अंतर आहे. नुक्ता वर की खाली यावर ‘खुदा’ आणि ‘जुदा’ ठरते. रंग फिका असला तर सगळ्यात आधी नुक्ता नाहीसा होतो. मराठीतही अनुस्वार आणि रफाराची तीच गत. नस्तालिक लिपी तिरकी उतरते, म्हणून तिचा आकार मराठीपेक्षा मोठा ठेवावा, ओळींत जागा जास्त सोडावी आणि मागे फुलांचे किंवा इमारतीचे चित्र लावू नये.

सगळ्यांचे डोळे सारखे नसतात

काही मुलांना लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. हा जन्मजात फरक मुलांमध्ये मुलींपेक्षा बराच जास्त आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो सुमारे ८ टक्के, आपल्याकडे त्याहून कमी. तरी मोठ्या वर्गात असे एखादे मूल असू शकते, आणि पुष्कळदा त्याचे त्यालाही ठाऊक नसते. ‘लाल रेष रस्ता, हिरवी रेष नदी’ असे सांगितले की ते गोंधळते आणि आपण त्याला मठ्ठ ठरवतो. म्हणून रंगाबरोबर नावही लिहावे, एक रेष सलग आणि दुसरी तुटक काढावी. बरोबर-चूक दाखवताना रंगासोबत खूणही करावी.

समोर दादी-नाना बसणार असतील तर आणखी विचार हवा. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होते, मोतीबिंदूत ते धुरकट होते. फिकट राखाडी अक्षरे त्यांच्यासाठी नसल्यासारखीच.

घरच्या घरी तीन परीक्षा

पहिली: पॉवरपॉइंटमध्ये ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘ग्रेस्केल’ निवडा. रंग काढल्यावरही अक्षर स्पष्ट वाचता आले तर जोडी चांगली.

दुसरी: लांबून वाचा. पडदा सव्वा मीटर उंच आणि शेवटचे बाक साडेसात मीटरवर असेल, तर अंतर उंचीच्या सहापट झाले. लॅपटॉपचा पडदा साधारण २० सेंटिमीटर उंच असतो. त्याच्या सहापट म्हणजे १.२ मीटर. तितक्या अंतरावरून वाचता आले नाही तर मागच्या बाकालाही येणार नाही.

तिसरी: खोलीतला दिवा चालू ठेवून लॅपटॉपचा उजेड निम्म्यावर आणा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचायला सांगा. दादी अडखळली तर मुलाने वाद घालू नये, रंग बदलावा.

एका पीपीटीत तीनच रंग पुरे: पार्श्वभूमीचा एक, अक्षरांचा एक आणि महत्त्वाच्या शब्दासाठी एक. आणि कार्यक्रमाच्या दिवशी दहा मिनिटे आधी जाऊन पहिली स्लाइड लावावी, शेवटच्या रांगेत बसून स्वतः वाचावी. तिथून दिसले तर पुढे सगळ्यांना दिसेलच.