चुकाऱ्याची मुदत

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या धानपट्टीतील शेतकऱ्याने मृगाच्या भरवशावर पऱ्हे टाकावे, आषाढात चिखलणी करून रोवणी उरकावी, दिवाळीच्या सुमारास कापणी-मळणी आटोपून धान खरेदी केंद्रावर न्यावे, आणि एवढ्या परिश्रमांनंतरही आपल्या पदरी नेमके किती व केव्हा पडणार हे त्याला ठाऊक नसावे, ही आपल्या कृषिव्यवस्थेतील गंभीर उणीव आहे.

वस्तुतः हीच अनिश्चितता दूर व्हावी म्हणून १९६५ साली प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली कृषी मूल्य आयोग स्थापन झाला. पेरणीपूर्वी भाव कळला, तर कोणते पीक घ्यावे आणि बियाण्या-खतांवर किती खर्चावे याचा निर्णय कुणबी निःशंकपणे घेऊ शकतो. परंतु खरिपाचे आधारभूत भाव २०१८ साली ४ जुलैला, तर २०२४ साली १९ जूनला, म्हणजे मृग लागून गेल्यावर जाहीर झाले. २०२५ साली मात्र साधारण धानाचा क्विंटलमागे २३६९ रुपये हा भाव २८ मे रोजीच जाहीर झाला. तेव्हा वेळ पाळणे सरकारास अशक्य आहे असे म्हणता येत नाही.

धान उत्पादकांना राज्य सरकारकडून मिळणाऱ्या प्रोत्साहनपर रकमेची कथा याहून कष्टप्रद आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात हेक्टरी १५,००० रुपये, तर पुढील वर्षी २०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याची घोषणा झाली. साहाय्य स्वागतार्हच, पण पीक घरात आल्यावर ठरणारी रक्कम पेरणीच्या हिशेबात कशी धरावी?

भाव ठरला तरी चुकारा, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे, हाती येईपर्यंतची वाट लांब आहे. पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्या वतीने स्थानिक संस्था धान मोजून घेतात. त्याआधी सातबारा आणि ऑनलाइन नोंदणी हवी, बारदाना हवा, गोदामात जागा हवी. पुढे भरडाई होऊन तांदूळ शासनाकडे जमा व्हावा लागतो. मागचे धान उचलले गेले नाही की गोदाम भरते, गोदाम भरले की काटा थांबतो, आणि मंजुरीचा कागद अडला की झालेल्या खरेदीचे पैसेही अडतात. ज्याच्या दारी मजूर आणि सावकार उभे आहेत, तो मग आधारभूत भावाची आशा सोडून खाजगी व्यापारी देईल त्या दराने धान विकतो. चुकारा ३१ मार्चच्या पुढे गेला, तर पीककर्जाची मुदत टळून व्याजसवलतही हातची जाते. अशा रीतीने जाहीर भावात एका पैशाचीही कपात न करता केवळ विलंबाने त्याचे मोल घटते.

यावरील उपायाचे तत्त्व आपल्या कायद्यात आधीच मान्य झालेले आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत पैसे न दिल्यास सालीना १५ टक्के व्याज द्यावे लागते. त्याची अंमलबजावणी अनेकदा ढिली पडली, तरी उत्पादकास हक्काने मागणी करण्याचा आधार त्यातून मिळाला. जे बंधन कारखानदारावर घातले, तेच सरकारने धानखरेदीत स्वतःवरही घालून घ्यावे: भाव आणि प्रोत्साहनाची रक्कम मे महिन्यात जाहीर करावी, चुकाऱ्याची मुदत कायद्याने निश्चित करावी आणि ती टळल्यास व्याज द्यावे. शेतकऱ्याकडून कर्जाची वसुली तारखेबरहुकूम करणाऱ्या व्यवस्थेने त्याचे देणेही तारखेबरहुकूम द्यावे, यात उपकार नाही; तो न्याय आहे.