साडेचार किलोचा गोळा आणि चार स्क्रू

मिशिगन सरोवरात जुलै-ऑगस्टमध्ये चिनूक सामन गरवायचा तर आमिष खोल न्यावंच लागतं. वरचं पाणी तेव्हा 20 अंश सेल्सियसच्या आसपास तापलेलं असतं आणि चिनूकला मानवतं ते साधारण 11 ते 13 अंशांचं पाणी. ते गार पाणी कधी 15 मीटरवर सापडतं, कधी 40 मीटरवर. वारा फिरला की एका रात्रीत पातळी बदलते. इतक्या खोलवर हलकं, चमचमतं आमिष ताशी तीन ते पाच किलोमीटरच्या चालीने ठरावीक थरातून फिरवायचं काम डाउनरिगर करतो. होडीच्या काठावर बसवलेलं चाक, त्यावर गुंडाळलेली पोलादी तार, पाण्याकडे पुढे आलेला दांडा आणि तारेच्या टोकाला जड गोळा, एवढीच त्याची रचना. गळाची दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवायची आणि गोळा खाली सोडायचा. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते आणि पुढची सगळी झुंज नुसत्या रॉडवर होते.

शिकागो, मिलवॉकी, ग्रँड रॅपिड्स भागातल्या मराठी वाचकांपैकी कुणी जुनी सोळा फुटी अ‍ॅल्युमिनियमची होडी घेतली असेल, तर तिच्यावरही डाउनरिगर बसवता येतो. त्याला मोठी होडी लागते हा समज खरा नाही. हाताने फिरवायची, आखूड दांड्याची यंत्रं छोट्या होड्यांसाठीच बनवलेली असतात. दुकानात मात्र चर्चा रंगते ती यंत्राची: कुठल्या कंपनीचं, हाताचं की विजेचं. यंत्राखालच्या पत्र्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही, आणि गडबड होते ती तिथेच.

सगळ्यात पक्का रुजलेला गैरसमज वजनाचा आहे. "गोळा जेमतेम साडेचार किलोचा. चार स्क्रू पुरे." साडेचार किलो, म्हणजे अमेरिकेतल्या हिशेबाने 10 पाउंड, हे वजन खरंच आहे, पण ते तारेला जाणवणारं. बोल्टांना काय जाणवतं ते वेगळं. दांडा 60 सेंटिमीटर लांब आहे आणि पायाच्या पुढच्या-मागच्या बोल्टांत 10 सेंटिमीटर अंतर आहे असं धरा. पहारीने दगड उचकटावा तसा तो दांडा पायाचे मागचे बोल्ट वर उचकटू पाहतो, सहापट जोराने. म्हणजे होडी संथ पाण्यात उभी असतानाही त्या बोल्टांवर सुमारे 27 किलोची ओढ असते. लाटेवर होडी उसळली की ती ओढ प्रत्येक झटक्याला कितीतरी वाढते, आणि हे सकाळभर चालतं.

पण यंत्र बसवताना धरायचा भार हाही नव्हे. गोळा तळाशी अडकला तर तार तुटेपर्यंत ताणली जाऊ शकते. सर्रास वापरली जाणारी पोलादी तार 150 पाउंडांची, म्हणजे 68 किलो ताण सोसणारी असते. तोच दांडा आणि तोच पाया घेतला तर बोल्टांवरची ओढ जाते 400 किलोच्या पुढे. तारेऐवजी गोफलेली कृत्रिम दोरी लावली असेल तर आणखी वर, कारण ती बहुतेक वेळा 200 पाउंडांहून अधिक ताण सोसते. छोट्या होडीचा काठ म्हणजे दुमडलेला पातळ पत्रा. त्यात घुसवलेल्या स्क्रूचे दोन-तीन आटेच धातूला धरून असतात. ते आधी सैल होतात, मग भोक लांबट होतं आणि एक दिवस यंत्र मुळासकट पाण्यात जातं.

यावर उपाय साधा आहे. आरपार बोल्ट, काठाच्या खालून निदान 6 मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, रुंद वायसर आणि आत नायलॉनचं कडं असलेले नट, म्हणजे ते थरथरीने सुटत नाहीत. खालची पट्टी यंत्राच्या पायापेक्षा मोठी हवी. जमलं तर ती काठाखालच्या एखाद्या आधाराच्या पट्टीपर्यंत किंवा कोपऱ्यातल्या जोडापर्यंत न्यावी, म्हणजे भार पत्र्याच्या एका तुकड्यावर न राहता होडीच्या सांगाड्यात उतरतो. काठाखाली हात पोचत नाही ही अडचण खरी असते. बऱ्याच होड्यांत तिथे फोम भरलेला असतो. तरीही पळवाट शोधू नये. आतल्या बाजूने हात जाण्यापुरतं झाकण कापून घ्यावं किंवा जागा बदलावी. नव्या होड्यांना काठावर खाचेची पन्हळ येते, तिच्यात सामान सरकवून घट्ट करता येतं. रॉड होल्डरला ती उत्तम. डाउनरिगरसाठी मात्र होडीच्या कंपनीने किती भाराला मुभा दिली आहे ते वाचल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

पट्टीऐवजी लाकूड घालणारे पुष्कळ. त्यात चूक नाही, पण "औषध मारलेलं, न कुजणारं प्लायवूड सगळ्यात चांगलं" हा सल्ला अ‍ॅल्युमिनियमच्या होडीला घातक आहे. बाजारात मिळणाऱ्या अशा बहुतेक लाकडांत तांब्याचे क्षार मुरवलेले असतात. ओलावा लागला की ते तांबं अ‍ॅल्युमिनियमला खातं. लाकूड वीस वर्षं टिकेल, पण त्याखालचा पत्रा चाळणी होईल. मरीन प्लाय चारही कडांनी इपॉक्सी लावून वापरावं, नाहीतर जाड प्लास्टिकची फळी घ्यावी.

स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांबद्दलचा समजही असाच अर्धा. बोल्ट गंजत नाही हे खरं, पण स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम ओल्या जागी एकमेकांना चिकटून राहिले तर झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. बोल्ट चकचकीत दिसतो आणि त्याच्याभोवती पांढरी भुकटी जमते. ती भुकटी म्हणजे होडीचाच पत्रा. मिशिगनच्या गोड्या पाण्यात हे सावकाश होतं. हीच जोडणी कुणी मालवण-देवगडच्या खाऱ्या पाण्यात वापरली तर एक-दोन हंगामांतच दिसू लागेल. म्हणून बोल्ट स्टेनलेसचेच घ्यावेत, पण भोकात नायलॉनची नळी, खाली-वर नायलॉनचे वायसर आणि आट्यांना गंजरोधक मलम लावावं. मलमाचा आणखी एक फायदा आहे. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर मशीनने झपकन फिरवला तर तापून जागीच जाम होतो आणि कापून काढावा लागतो. नट हाताने, पान्याने, हळू आवळावेत.

फायबरच्या होडीत धोका पाण्याचा असतो. दोन थरांच्या मध्ये बाल्सा किंवा प्लाय असेल आणि भोक नुसतंच पाडलं, तर पाणी आत मुरतं आणि गाभा कुजतो. भोक मोठं पाडावं, इपॉक्सीने बुजवावं आणि त्यातून पुन्हा बोल्टच्या मापाचं भोक पाडावं. अशा वेळी लोक घरातलं सिलिकॉन वापरतात. ते सोलून निघतं. होडीसाठीचंच सीलंट हवं.

आता चाकाच्या ब्रेकबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे गैरसमज यंत्राच्या नाही, माणसाच्या जिवाशी येतो. "ब्रेक करकचून आवळा, गोळा घसरता कामा नये" असं सांगणारे अनुभवी लोकही भेटतात. ब्रेक इतकाच आवळायचा असतो की गोळा आपल्या वजनाने आणि लाटेच्या झटक्याने खाली जाऊ नये, पण दोन्ही हातांनी तार जोरात ओढली तर चाक फिरावं. किनाऱ्यावर असतानाच तार ओढून हे पाहून घ्यावं. गोळा अडकला आणि चाक फिरलं नाही, तर होडीचा मागचा कोपरा खाली आणि मागे ओढला जातो. इंजिन थांबवलं की होडी मागच्या बाजूने नांगरल्यासारखी अडकते आणि लाटा थेट मागच्या फळीवर आदळतात. छोट्या होडीची ती फळी इंजिनाच्या जागी बहुधा 15 किंवा 20 इंच उंच असते, आणि पाण्याच्या वर राहते त्याहून बरीच कमी.

अडकायला मिशिगन आणि ह्यूरॉन सरोवरांत जागाही पुष्कळ: खडक, बुडालेले ओंडके, जुनी जहाजं आणि परवानाधारक मच्छीमारांची नांगरून ठेवलेली ट्रॅप नेट. या जाळ्यांवर झेंडे आणि तरंगत्या खुणा असतात. त्यांच्यापासून लांबच राहावं. अडकलंच तर हिसके देऊ नयेत. चाक मोकळं सोडावं, होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवून आल्या वाटेने मागे जावं आणि विरुद्ध दिशेने सोडवून पाहावं. लाटा असतील किंवा जाळं असेल तर सरळ तार कापावी. गोळा गेला तर नवा मिळतो.

मिशिगन सरोवरावर छोट्या होडीने बेसावध राहू नये याला इतिहास आहे. 1966 च्या वसंतात मिशिगन राज्याने, मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने, ऑरेगॉनहून आणलेल्या अंड्यांपासून वाढवलेली कोहो सामनची पिल्लं प्लॅट नदी आणि बेअर क्रीकमध्ये सोडली. पुढच्या वर्षी कोहो इतके आले की मिळेल ती होडी घेऊन लोक सरोवरात उतरले. 23 सप्टेंबर 1967 ला प्लॅट उपसागराच्या परिसरात अचानक वादळ उठलं आणि सात जणांचा जीव गेला. त्या दिवशीचा दोष डाउनरिगरचा नव्हता. पण मागचा कोपरा तारेने जखडलेल्या होडीला असं पाणी गाठलं तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

रॉड होल्डरकडे लोक नुसतं रॉड ठेवायचं भांडं म्हणून पाहतात आणि तो उभा बसवतात. डाउनरिगरचा रॉड चिमट्यात दोरी अडकवल्यावर कमानीसारखा वाकवून ठेवायचा असतो. मासा आमिष खेचतो, चिमटा सुटतो आणि वाकलेला रॉड ताडकन सरळ होताना सैल दोरी स्वतःच ओढून घेतो. ते पहिले दोन-तीन क्षण मासा गळात राहणार की जाणार हे ठरवतात. रॉड उभा असेल तर ही कमान नीट जमत नाही. होल्डर आडव्याकडे झुकलेला, डाउनरिगरच्या दांड्याजवळ आणि टोक तारेकडे झुकेल असा हवा. तो यंत्राच्या इतकाही जवळ नको की चाकाची मूठ फिरवताना बोटं रॉडवर आपटतील. भोकं पाडण्याआधी होल्डर क्लॅम्पने तात्पुरता घट्ट लावावा, त्यात रॉड ठेवावा आणि दोरीचं टोक सोबत्याच्या हातात द्यावं. त्याने होडीमागे उभं राहून चांगलं ओढत राहावं. त्या ओढीत रॉड एका हाताने निघाला पाहिजे. नळीच्या तोंडाला घासून अडकत असेल तर मासा लागल्यावर तो हमखास अडकेल, तेव्हा कोन बदलावा.

डाउनरिगरवरचं तार मोजायचं यंत्र 30 मीटर दाखवतं म्हणजे गोळा 30 मीटरवर आहे, असंही अनेकांना वाटतं. ते फक्त सोडलेली तार मोजतं. चालत्या होडीमागे तार झुकते. झुकाव 30 अंशांचा असेल तर गोळा 26 मीटरच्याच आसपास राहतो. म्हणून लोक जड गोळा घेतात, सहा-सात किलोचाही. झुकाव कमी होतो हे खरं, पण बोल्टांवरची सकाळभरची ओढही त्याच प्रमाणात वाढते. काठ साडेचार किलोला बांधला असेल तर गोळा बदलण्याआधी खालची पट्टी बदलावी लागेल.

जागा म्हणाल तर मागचे दोन कोपरे, दांडे बाहेरच्या बाजूला फिरवून. सरळ मागे ठेवलेली आखूड दांड्याची तार वळताना पंख्यात जाऊ शकते. विजेची यंत्रं असतील तर बॅटरीची वायर पुस्तिकेत दिलेल्या जाडीची हवी आणि फ्यूज बॅटरीला अगदी लागून. दोन यंत्रं, जादा बॅटरी, गोळे आणि मागे बसलेली दोन माणसं यांची बेरीजही करावी. अमेरिकेत 20 फुटांखालच्या इंजिनाच्या होडीवर निर्मात्याने कमाल भाराची पाटी लावलेली असते. तो आकडा पाहावा, आणि बॅटरी जमेल तितकी पुढे सरकवावी.

पहिल्या दोन फेऱ्यांनंतर सगळे नट पुन्हा तपासावेत, कारण पट्टी आणि सीलंट दबून थोडे सैल होतातच. तार कापायची पक्कड सामानाच्या पेटीत ठेवू नये. ती यंत्राच्या पायाशीच, एका हाताने उचलता येईल अशी दोरीने बांधून ठेवावी, आणि होडीत चढणाऱ्या प्रत्येकाला ती कुठे आहे ते निघण्याआधी दाखवावं.