तुमच्यापुढे आहेत फक्त सात लाख!

२२ सप्टेंबर २०२४. रविवार. दुपारचे बारा. महाराष्ट्रातल्या निम्म्या कॉलेज ग्रुपवर त्या दिवशी एकच विषय होता. ‘मिळालं का?’ आणि त्याखाली स्क्रीनशॉटवर स्क्रीनशॉट. कुणाच्या पुढे तीन लाख माणसं, कुणाच्या पुढे सात लाख, कुणाचं पान नुसतंच गोल गोल फिरतंय. कोल्डप्लेची तिकिटं निघाली होती आणि ती काढायला मनोरच्या नाक्यापासून मलबार हिलपर्यंत सगळे एकाच रांगेत उभे होते. निदान तसं वाटत तरी होतं.

आठवण करून द्यायची तर, ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ या जगभर फिरणाऱ्या टूरचे मुंबईतले कार्यक्रम १८ आणि १९ जानेवारी २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ठरले होते. हा बँड त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये ग्लोबल सिटिझन फेस्टिव्हलसाठी बीकेसीत येऊन गेला होता. म्हणजे तेव्हा जे सातवी-आठवीत होते आणि टीव्हीवर बातमी बघून गप्प बसले होते, ते आता स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या यूपीआयने तिकीट काढायला तयार बसले होते. बुकमायशोचं ॲप आणि वेबसाइट बाराच्या ठोक्याआधीच बसली. थोड्या वेळाने सुरू झाली, तोवर रांगेचे आकडे लाखांत गेलेले. त्याच दुपारी २१ जानेवारीचा तिसरा शो जाहीर झाला. तोही बघता बघता संपला.

साधं गणित मांडू

सव्वा कोटीहून जास्त लोकांनी त्या दिवशी प्रयत्न केला, असं तेव्हा बातम्यांत आलं. स्टेडियमची क्षमता साधारण ५५ हजार. तीन शो धरले तर जेमतेम १ लाख ६५ हजार जागा. म्हणजे सगळीच्या सगळी तिकिटं खुल्या विक्रीला आली असं धरलं, तरी जवळजवळ ऐंशी जणांमागे एक तिकीट. उरलेल्या एकोणऐंशी जणांना रिकाम्या हाताने परतायचंच होतं. ॲप लोण्यासारखं चाललं असतं तरी!

त्यामुळे ‘मला मिळालं नाही’ ही तक्रार खरं तर तक्रारच नाही. पोलीस भरतीत, स्पर्धा परीक्षेत, म्हाडाच्या लॉटरीत आपण ते पचवतोच. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं आरक्षण काही मिनिटांत संपतं, तेव्हाही चरफडतो आणि लाल डब्याची एसटी पकडतो. मग याच वेळी एवढी चीड का आली?

कारण संध्याकाळपर्यंत तीच तिकिटं दुसरीकडे दिसायला लागली. साडेबारा हजारांचं तिकीट काही लाखांना. काही ठिकाणी तर अधिकृत विक्री सुरू होण्याआधीच परदेशी पुनर्विक्रीच्या साइटवर जागा ‘उपलब्ध’ होत्या. जे तिकीट अजून निघालंच नाही, ते विकायला कुणाकडे आलं कुठून? न मिळाल्याचं दुःख एक वेळ दोन दिवसांत जातं. आपल्याला वेड्यात काढलं, ही भावना जात नाही.

खिडकी ते ॲप

आपल्या आधीच्या पिढीला तिकिटाची रांग माहीत होती. शिवाजी मंदिरला किंवा गडकरी रंगायतनला चांगल्या नाटकाचा प्लॅन उघडला की सकाळपासून माणसं उभी असायची. पुढे कोण आहे ते दिसायचं. कुणी घुसला तर चार जण ओरडायचे. सिनेमाच्या थिएटरबाहेर ‘दस का बीस’ करणारा माणूसही दिसायचा. तो चोर असला तरी त्याला चेहरा होता, आणि पोलीस आले की तो पळायचा.

ॲपच्या रांगेत हे काहीच दिसत नाही. अनेक मोठ्या विक्रीत आधी ‘वेटिंग रूम’ असते आणि विक्री सुरू झाली की तिथे थांबलेल्यांना संगणक चिठ्ठी टाकावी तसे नंबर वाटतो. म्हणजे तुम्ही अकराला बसलात काय आणि पावणेबाराला बसलात काय, सारखंच. ही पद्धत वाईट नाही. मनोरमध्ये लाइट गेली की रेंजही डळमळते, तिथल्या पोराला यात उलट बरी संधी मिळू शकते. पण मग ती रांग नाही, लॉटरी आहे. तसं सरळ सांगा ना! रांग म्हटलं की माणूस आदल्या रात्रीपासून जागतो, घरातले चार फोन गोळा करतो, मावशीच्या नावाने अकाउंट उघडतो. आणि जो सॉफ्टवेअर लावून एकाच वेळी शेकडो अकाउंट उभी करतो, त्याच्यापुढे आपले चार फोन म्हणजे समुद्रात चार घागरी.

वाघोबा घाटाच्या अलीकडचे

या सगळ्यात मुंबईबाहेरच्यांचा हिशोब आणखी वेगळा. समजा, बोईसरच्या एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागलेलं कुणी आहे. हातात महिन्याला पंधरा हजार येतात. मुंबईच्या शोचं सगळ्यात स्वस्त तिकीट २,५०० रुपयांचं, मैदानात उभं राहायचं ६,४५० चं आणि लाउंजचं ३५ हजारांचं. म्हणजे स्वस्तातलं तिकीटसुद्धा पगाराचा सहावा हिस्सा. तरी माणूस म्हणतो, जाऊ दे, आयुष्यात एकदाच.

आता तिथे पोहोचा. मनोरहून वाघोबा घाट उतरून पालघर स्टेशन, तिथून लोकलने दादर, मग कुर्ला, मग हार्बरने नेरुळ. चर्चगेट ते डहाणू रोड लोकल एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाली, तेव्हा आपण पेढे वाटले. पण विरारच्या पुढे लोकल किती विरळ, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. शो संपणार रात्री दहाच्या सुमारास. पन्नास हजार माणसं एकदम बाहेर. त्यातून हार्बर गाठून विरारच्या पलीकडची गाडी पकडणं म्हणजे निव्वळ स्वप्न. हायवेने यायचं तर चारचाकी हवी, डिझेल हवं आणि घोडबंदरला गाडी अडकणार नाही अशी देवाकडे प्रार्थना हवी. तिसरा शो तर मंगळवारी होता. बुधवारी फर्स्ट शिफ्ट असेल तर सुट्टीही टाकायची.

म्हणजे आपल्याकडच्या मुलामुलींसाठी तिकीट ही फक्त सुरुवात. राहायची सोय बघायची, घरच्यांना, त्यातही मुलीच्या घरच्यांना, पटवायचं, चार जणांचा ग्रुप जुळवायचा. ठाणे-मुंबईतल्या माणसाचं तिकीट हुकलं तर एक संध्याकाळ हुकते. इथल्या माणसाचा पूर्ण आखलेला बेत मोडतो. आणि काळ्या बाजारात दुप्पट-तिप्पट भाव झाला की सगळ्यात आधी बाहेर पडतो तो हाच ग्राहक. ब्लॅकची ही झळ कुणाला बसते, याची चर्चा मात्र फार होत नाही.

मग झालं काय?

पुष्कळ काही झालं, पण धड काहीच झालं नाही. बुकमायशोने पुनर्विक्रीच्या साइटशी आपला काही संबंध नसल्याचं सांगितलं आणि पोलिसांत तक्रारही केली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कंपनीच्या प्रमुखांना चौकशीला बोलावलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ईडीने कोल्डप्ले आणि दिलजीत दोसांझच्या कार्यक्रमांच्या तिकिटांच्या काळ्या बाजारावरून पाच शहरांत छापे घातले. एक जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली. १० जानेवारी २०२५ ला, शो आठ दिवसांवर असताना, न्यायालयाने ती फेटाळली. या विषयावर कायदा किंवा नियम करणं हे सरकारचं आणि विधिमंडळाचं काम आहे, न्यायालयाचं नाही, असं त्याचं सार होतं.

दुसरीकडे बँडने नोव्हेंबरमध्ये साधारण २,००० रुपयांची ‘इन्फिनिटी’ तिकिटं काढली. एका माणसाला जास्तीत जास्त दोन, जागा कुठली ते तिकीट हातात घेतानाच कळणार. पुढची रांग मिळो नाहीतर मागची, नशिबाचा खेळ. पण यात एक हुशारी होती. आपली जागा कुठली हेच माहीत नसेल, तर ब्लॅकवाला ते तिकीट चढ्या भावात विकणार कसं?

मग २५ आणि २६ जानेवारीला अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर शो झाले. वांद्रे टर्मिनसहून रेल्वेने खास गाड्या सोडल्या. त्या आपल्याच पालघर-बोईसरवरून धडधडत पुढे गेल्या. २६ तारखेचा शो हॉटस्टारवर थेट दाखवला गेला. ज्यांना तिकीट मिळालं नाही त्यांनी तो मोबाइलवर पाहिला. बरं वाटलं का? वाटलं. तेच वाटलं का? अजिबात नाही.

रेल्वेला जमतं, मग इथे का नाही?

‘मागणी जास्त आणि माल कमी असला की ब्लॅक होणारच’, असं काही जण म्हणतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ते बरोबर असेल. पण आपल्याच देशात रेल्वेच्या तिकिटाला हीच अडचण होती आणि तिथे उत्तरं शोधली गेली. तिकिटावर प्रवाशाचं नाव असतं. प्रवासात ओळखपत्र दाखवावं लागतं. नको असेल तर तिकीट रद्द करून पैसे परत मिळतात. परवाना नसताना तिकिटांचा धंदा करणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधारची पडताळणीही लागली. दलाल संपले का? नाही. पण निदान दलाली हा गुन्हा आहे, हे कागदावर स्पष्ट आहे.

बाहेरच्या देशांतही हे रडगाणं आहेच. टेलर स्विफ्टच्या ‘इराज टूर’च्या वेळी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तिकीटमास्टर कोलमडलं आणि जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये ओएसिसची तिकिटं निघाली, तेव्हा रांगेत असतानाच भाव वाढलेले बघून ब्रिटनमधले चाहते भडकले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने तिकीट विकण्यावर बंदी आणणार असल्याचं जाहीर केलं. चाहते ओरडत राहिले, म्हणून तिथे सरकारला हलावं लागलं.

आपण काय मागायचं? फार नाही, तीन गोष्टी. एक, विक्रीच्या आधी आकडा सांगा. एकूण जागा किती, प्रायोजकांना आणि पाहुण्यांना किती, खुल्या विक्रीला किती. दोन, तिकिटावर नाव टाका आणि दारावर ओळखपत्र बघा. तीन, ज्याला जमणार नाही त्याला मूळ किमतीत तिकीट परत करायची सोय अधिकृत ॲपवरच द्या. ही तिसरी सोय नसेल तर दुसरी अन्यायाची ठरेल. कारण ऐनवेळी ताप येतो, शिफ्ट बदलते, घरात काही होतं. अशा माणसाला ब्लॅकवाला ठरवू नका.

पुढच्या वेळी...

पुढचा मोठा शो येईलच. तोवर कायदा येईल की नाही, माहीत नाही. म्हणून थोडं आपणच सांभाळायचं.

विक्रीच्या आदल्या दिवशीच लॉगिन, पत्ता, पैसे भरायची पद्धत सगळं तयार ठेवा. ग्रुपमध्ये आधीच ठरवा, कमाल किती रुपयांचं तिकीट काढायचं. घड्याळ उलटं धावत असताना घेतलेले पैशांचे निर्णय बहुधा महाग पडतात. इन्स्टावर ‘दोन पास एक्स्ट्रा आहेत, आधी निम्मे पाठव’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका. तिकिटाचा स्क्रीनशॉट दहा जणांना विकता येतो, आत मात्र एकच जण जातो. फसलातच तर लाजत बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. अधिकृत विक्रेत्याबद्दलच तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आणि तक्रार कराच. स्टोरीवर टाकलेला राग चोवीस तासांत उडून जातो. नोंदवलेल्या तक्रारीला नंबर मिळतो. सात लाखांच्या रांगेतल्या नंबरपेक्षा तो नंबर नक्कीच जास्त कामाचा आहे.