मोडलेला खुबा आणि उपाशी पोट

प्रतापगड म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे जावळीचे खोरे येते. आम्ही म्हणतो तो गड गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. म्हातारी माणसेही उपवास धरून गड चढतात. तो उपवास एका दिवसाचा व आपखुशीचा. आज बोलायचे आहे ते दुसऱ्या उपवासाविषयी. तो कोणी धरीत नाही, तो घडतो.

म्हातारे माणूस पडते ते बहुधा घरीच, न्हाणीच्या ओल्या फरशीवर किंवा पहाटे अंगणात. खुब्याचे हाड मोडते. मोठ्या दवाखान्यात पोचण्यातच वेळ जातो; मग रक्ताची जुळवाजुळव, हृदयाची तपासणी, कागदपत्रे. दाखल झाल्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हावी असा इंग्लंडात दंडक आहे. आपल्याकडे कधी कधी आठवडाही लोटतो.

या दिवसांत शरीर स्वस्थ नसते. हाड मोडले म्हणजे शरीर आपलेच स्नायू मोडून खाऊ लागते. मुळात पुष्कळ म्हातारी माणसे पडण्यापूर्वीच खंगलेली असतात. त्यात वेदना, उताणे निजणे आणि, हे कोणी बोलत नाही, शौचाचे भांडे मागण्याची लाज. त्या लाजेपायी आजी पाणीसुद्धा मोजून पितात. पुढे जखम भरत नाही, पाठीला व्रण पडतात, माणूस उभे राहत नाही.

हा मुलूख धानाचा. आजाऱ्याला पेज द्यावी ही जुनी रीत. पण हिशेब पाहा. आजारी वृद्धाला वजनाच्या दर किलोमागे रोज निदान १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ४५ किलोच्या आजींना ५४ ग्रॅम. पाव किलो तांदूळ शिजवून खाल्ला तरी सतरा-अठरा ग्रॅमच मिळतात, आणि पेजेत तांदूळ असतो तो किती! एका अंड्यात ६ ग्रॅम असतात. घट्ट वरण, दूध आणि या भागातल्या तळ्यांची मासळी आहेच. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

वेल्समधील कार्डिफ येथे खुबा मोडलेल्या वृद्ध स्त्रियांवर एक प्रयोग झाला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना भरवायला, आवडीनिवडी पाहायला एक जादा मदतनीस दिली. त्यांच्यापैकी वॉर्डात दगावल्या शेकडा ४.१, इतरांपैकी १०.१. औषध नवे नव्हते. आपल्या वॉर्डात तर सून किंवा मुलगी खाटेशी बसलेलीच असते. तिला एवढेच सांगायचे की पाठीशी उशा देऊन, डॉक्टर परवानगी देतील तितके उठवून बसवा, कवळी लावा, थोडे थोडे पण पुष्कळदा भरवा.

राहिला भुलेपूर्वीचा उपवास. तो आवश्यकच आहे, कारण पोटातले अन्न फुप्फुसात गेले तर जीवावर बेतते. पण सर्वसाधारण नियम घन अन्नाला ६ तास आणि साध्या पाण्याला २ तास, एवढाच आहे. आमच्याच घरातील एका वृद्धेला रात्रीपासून उपाशी ठेवले, सायंकाळी पाळी उद्यावर गेली, आणि ते कळले तोवर स्वयंपाकघर बंद झाले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाळी टळल्याचे कळताच परिचारिकेला लगेच विचारावे : आता जेवू घालू का?